कालव्याकाठची दोन हॉटेले आणि आईचे गुडघे

वयस्कर आई-वडिलांना घेऊन ॲम्स्टरडॅमच्या जुन्या कालव्यांच्या भागात राहायचे असेल, तर विमानाची तिकिटे आणि व्हिसा यांपेक्षाही जास्त डोके हॉटेल ठरवण्यात खर्ची पडते, हे मी डिसेंबर 2024 पासून एप्रिल 2025 पर्यंत पुरते अनुभवले. आमची निवड शेवटी दोन हॉटेलांवर येऊन अडली आणि त्या दोघांतून एक ठरवताना जे प्रश्न विचारावे लागले, ते आधी कुणी सांगितले असते तर बरीच रात्रीची झोप वाचली असती, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. दोन्ही हॉटेलांची नावे मुद्दाम देत नाही. त्या भागात एकाच हॉटेलातल्या दोन खोल्यांमध्ये इतका फरक असतो की नाव सांगून वाचणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडणार नाही. सोयीसाठी एकाला जुने घर म्हणते आणि दुसऱ्याला नवे हॉटेल.

कालव्याकाठीच राहायचे, हा हट्ट बाबांचा होता. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षे गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्यावर. कालवा म्हणजे शेताला पाणी पाळीने सोडायचे साधन, एवढेच ज्यांनी आयुष्यभर पाहिले, त्यांना 1613 पासून खोदत नेलेले, दोन्ही काठांना घरे असलेले आणि 2010 मध्ये जागतिक वारसा म्हणून युनेस्कोने नोंदवलेले कालवे पाहायचे होते, आणि तेही बोटीतून तासाभराचा फेरफटका मारून नव्हे, तर सकाळी उठून चहा घेत. आईची अट वेगळी होती. रामनवमी नाशकातच व्हायला हवी, काळारामाच्या देवळात बाराचा रामजन्म झाला आणि सुंठवडा हातावर पडला की मग कुठेही न्या, असे तिचे म्हणणे होते. 2025 मध्ये रामनवमी 6 एप्रिलला, रविवारी होती. ट्यूलिपची कॉयकेनहोफ बाग त्या वर्षी 20 मार्च ते 11 मे उघडी होती, ईस्टर 20 एप्रिलला होता आणि नेदरलँड्सच्या राजाचा वाढदिवस 27 तारखेला रविवार आल्यामुळे 26 एप्रिलला साजरा होणार होता. ईस्टर आणि राजाचा दिवस या दोन्ही वेळी हॉटेलांचे दर भलतेच चढतात आणि कित्येक ठिकाणी किमान दोन-तीन रात्री घ्याव्याच लागतात. हे सगळे जुळवून सोमवार 7 एप्रिल ते शनिवार 12 एप्रिल असे दिवस निघाले. फुलांच्या मोसमात जायचे असेल तर आधी हे दोन सण दिनदर्शिकेत शोधावेत आणि मग रजेचा अर्ज करावा.

माझा मामेभाऊ ॲम्स्टरडॅमला लागूनच असलेल्या ॲम्स्टेलवेनला राहतो, तेव्हा हॉटेल कशाला, हा प्रश्न नातेवाइकांनी विचारलाच. त्याचे घर लहान, जिना उभा आणि शिवाय नातेवाइकाकडे राहणार म्हणून व्हिसाचा अर्ज केला, तर यजमानाने निवासाचा ठरावीक फॉर्म भरून त्यावरची सही तिथल्या नगरपालिकेत जाऊन प्रमाणित करून घ्यावी लागते. तो आनंदाने तयार होता, पण त्याची रजा आणि आमची तारीख जुळवण्यात आठवडे गेले असते. घरगुती भाड्याच्या जागेचा विचारही केला होता. ॲम्स्टरडॅममध्ये 2025 साली घरमालकाला राहते घर वर्षात 30 रात्रींपेक्षा जास्त पर्यटकांना देता येत नव्हते, त्यासाठी परवाना आणि नोंदणी क्रमांक लागतो, आणि मोसमात अशा जागा कमी व महाग असतात. त्यातही जिना उभाच. मग हॉटेलावर आलो.

इथे त्या घरांविषयी थोडे सांगायला हवे, कारण निवडीचे सगळे गणित त्यांच्या बांधणीत आहे. कालव्याकाठची सतराव्या शतकातली घरे समोरून अरुंद आणि मागे खोलवर गेलेली असतात. पुढे रस्त्यापासून अर्धा मजला उंचीवर मुख्य दार, त्याला दगडी पायऱ्या, त्या पायऱ्यांच्या बाजूने खाली उतरले की अर्धे जमिनीत असलेले तळघर, आणि दाराच्या पातळीवर घराचा सर्वांत उंच छताचा, एके काळी पाहुण्यांसाठी राखलेला मजला. घराचा पुढचा भाग आणि मागचा भाग वेगवेगळ्या वेळी बांधलेला असल्यास दोन्हींच्या मजल्यांची पातळी जुळत नाही आणि मध्येच तीन-चार पायऱ्या येतात. जिने इतके उभे की सामान त्यावरून नेता येत नाही, म्हणून प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई आणि तिला लोखंडी आकडा असतो, त्याला दोर बांधून कपाटे-पलंग खिडकीतून आत घेतात. आज अशी तीन, पाच, कधी दहा घरे आतून जोडून एक हॉटेल केलेले असते. इमारती संरक्षित स्मारके असल्यामुळे भिंती फोडून हवी तशी लिफ्ट बसवता येत नाही. त्यामुळे संकेतस्थळावर ‘लिफ्ट आहे’ असे लिहिलेले खरे असले, तरी ती लिफ्ट रस्त्यापासून सुरू होते का, तुमच्या खोलीच्या मजल्यावर थांबते का आणि लिफ्टमधून बाहेर पडल्यावर खोलीपर्यंत आणखी पायऱ्या आहेत का, हे तीन प्रश्न उरतातच. आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे. कठडा धरून सात-आठ पायऱ्या ती सावकाश चढते. गोल जिना पाहिला की खालीच बसते.

जुने घर हे कायझर्सग्राख्त या कालव्यावर, दक्षिणेकडच्या टोकाला, फेइझलग्राख्त मेट्रो स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांवर होते. चार घरे जोडलेली, खोल्या कमी, दोन खोल्या एकसारख्या नाहीत, मागे बाग. नवे हॉटेल पश्चिमेला, प्रिन्सेनग्राख्त या कालव्यावर, वेस्टरकेर्क या चर्चच्या मनोऱ्याच्या परिसरात. बाहेरून जुनाच दर्शनी भाग, पण आतले सगळे अलीकडे पाडून नव्याने बांधलेले, त्यामुळे मोठी लिफ्ट, वातानुकूलन, प्रत्येक खोलीत किटली. ॲन फ्रँकचे घर तिथून जवळ. छायाचित्रे पाहून माझ्या धाकट्या भावाने पुण्याहून लगेच कौल दिला तो नव्या हॉटेलाला, आणि एक तक्ता करून पाठवला, त्यात लिफ्टला दहापैकी दहा गुण होते.

दरांचे सांगायचे तर दोन्हीकडचे आकडे वरवर सारखे दिसत होते. जुन्या घरात बागेकडची दुहेरी खोली रात्रीला 238 युरो, माझ्यासाठी वरच्या मजल्यावरची एकेरी खोली 162 युरो. नव्या हॉटेलात दुहेरी खोली रद्द न होणाऱ्या दराने 214 आणि रद्द करता येणाऱ्या दराने 249. आता यातली मेख अशी की, ॲम्स्टरडॅमचा पर्यटक-कर 2024 पासून खोलीच्या दराच्या साडेबारा टक्के झाला आहे, आणि तो बहुतेक वेळा पहिल्या पानावरच्या दरात धरलेला नसतो. हा कर मूल्यवर्धित कर वगळून उरलेल्या रकमेवर लागतो. 238 युरोंतून तेव्हाचा 9 टक्के मूल्यवर्धित कर बाजूला केला की सुमारे 218 युरो 35 सेंट राहतात, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे सुमारे 27 युरो 30 सेंट. म्हणजे खोली खरे तर 265 युरोंची. न्याहारी वेगळी, माणशी 24 युरो. रुपयांत पाहिले तर त्या काळच्या सुमारे 96 रुपयांच्या भावाने दोन खोल्यांचा पाच रात्रींचा खर्च न्याहारीशिवायच दोन लाखांच्या वर जात होता. आकडा मोठा आहे, हे मान्यच. शहराबाहेर राहिलो असतो तर तो बराच खाली आला असता, पण मग बाबांचा कालव्यावरचा चहा राहिला असता.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी दोन्ही हॉटेलांना एकच पत्र पाठवले. त्यात सामान्य चौकशी न करता नेमके प्रश्न विचारले: रस्त्यापासून मुख्य दारापर्यंत पायऱ्या किती, एका पायरीची उंची किती, कठडा आहे का व कोणत्या बाजूला, लिफ्ट कुठून कुठपर्यंत जाते, लिफ्टपासून खोलीपर्यंत पायऱ्या आहेत का, आंघोळीला सपाट जागा आहे की टब ओलांडून आत जावे लागते, खोलीत किटली मिळेल का, आणि आमच्या तारखांना समोर कालव्याच्या भिंतीचे काम चालू असेल का. शेवटचा प्रश्न बाबांनी घालायला लावला. सप्टेंबर 2020 मध्ये ग्रिमबुर्गवाल इथे कालव्याची काठभिंत कोसळली होती, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. शहरात सुमारे दोनशे किलोमीटर लांबीच्या अशा भिंती तपासून दुरुस्त करण्याचे काम चालू आहे आणि एखाद्या काठावर ते सुरू झाले की महिनोन् महिने चालते. कालव्याकडची खोली जास्त पैसे मोजून घ्यायची आणि खिडकीसमोर तराफ्यावरची क्रेन बघायची, असे होऊ शकते.

नव्या हॉटेलाचे उत्तर तासाभरात आले. आमच्या येण्याची ते आतुरतेने वाट पाहत आहेत, लिफ्ट आहे, सर्व मजल्यांवर जाते. पुन्हा विचारले की रस्त्यापासून? तर दाराशी थोड्याशा पायऱ्या आहेत, असे कळले. किती, असे तिसऱ्यांदा विचारले तेव्हा पुन्हा आतुरतेनेच वाट पाहत असल्याचे कळवण्यात आले. जुन्या घराचे उत्तर यायला चार दिवस लागले. पत्र रूक्ष होते, अगदी कोरडे, पण त्यात प्रत्येक प्रश्नाला क्रमाने उत्तर होते. दाराशी सात पायऱ्या, चढताना कठडा डाव्या हाताला, उजवीकडे काही नाही. लिफ्ट लहान, एका वेळी दोन माणसे किंवा एक माणूस आणि एक बॅग, ती तिसऱ्या मजल्यापर्यंतच जाते. दुहेरी खोल्यांपैकी बहुतेकांना लिफ्टनंतर चार पायऱ्या. मात्र दाराच्याच पातळीवर, मागच्या बाजूला बागेकडे एक खोली आहे, तिला लिफ्टही लागत नाही आणि पायरीही नाही, आंघोळीची जागा सपाट आहे, तिथून कालवा दिसत नाही. एकेरी खोली पोटमाळ्यावर आहे आणि तिसऱ्या मजल्यावरून पुढे उभा जिना चढावा लागेल. समोरच्या काठावर भिंतीचे काम चालू आहे, ते एप्रिलपर्यंत संपणार नाही. खोल्यांत किटली ठेवत नाहीत, पण मागितल्यास देऊ. सोबत पायऱ्यांचे छायाचित्र होते: निळसर करड्या दगडाच्या सात पायऱ्या, मधल्या दोन झिजून जराशा खोलगट झालेल्या, आणि काळ्या रंगाचा लोखंडी कठडा.

आईने ते छायाचित्र मोबाइलवर मोठे करून पाहिले, मनातल्या मनात चढून पाहिले असावे, आणि म्हणाली, ‘‘चढेन मी. पण एवढ्याच ना?’’ माझे मत तिथेच ठरले. जो माणूस विकायला बसलेला असूनही आपल्या दुकानातल्या उण्या गोष्टी मोजून सांगतो, त्याने सांगितलेल्या चांगल्या गोष्टींवर विश्वास ठेवायला हरकत नसते. भाऊ मात्र ऐकेना. त्याचे म्हणणे, लिफ्ट ती लिफ्ट, आणि तिथे वातानुकूलनही आहे. एप्रिलमध्ये ॲम्स्टरडॅमला वातानुकूलन कशाला, यावर आमचा एक संपूर्ण व्हिडिओ कॉल खर्ची पडला. जुलै-ऑगस्टात जाणाऱ्यांनी मात्र त्याचा मुद्दा जरूर लक्षात घ्यावा, कारण जुन्या घरांच्या वरच्या मजल्यांवर उन्हाळ्यात उकडते आणि तिथे बहुधा पंख्यावरच भागवावे लागते.

शेवटी दोन्हीकडे रद्द करता येणाऱ्या दराने आरक्षण केले. शेंगेन व्हिसासाठी निवासाचा पुरावा लागतो आणि त्यावर प्रवास करणाऱ्या प्रत्येकाचे नाव पारपत्रात आहे तसे हवे. हॉटेले बहुधा एकाच पाहुण्याच्या नावाने पावती देतात. ‘तिघांचीही पूर्ण नावे घालून पुष्टिपत्र द्या’ असे वेगळे मागून घ्यावे लागते. आईच्या पारपत्रावर बाबांचे नाव मधले नाव म्हणून आहे आणि आरक्षणात ते गळले होते, ते दुरुस्त करून घेतले. व्हिसाच्या कागदांना जोडायचे आरक्षण तेच असावे जिथे खरोखर राहायचे आहे, म्हणून मी जुन्या घराचे पत्र जोडले. भाव पाहून रद्द न होणारे आरक्षण व्हिसाच्या आधी करू नये, हे आवर्जून सांगते. रात्रीला पस्तीस युरो वाचतात, पण व्हिसा लांबला तर सगळेच जातात.

मुंबईच्या व्हीएफएस या व्हिसा-अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रातली आमची वेळ फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली होती. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा मोसमात जायचे असल्यास वेळ लवकर घेतलेली बरी. शुल्क माणशी 90 युरो, म्हणजे तेव्हाचे सुमारे आठ हजार रुपये, त्यावर केंद्राचे सेवाशुल्क. किमान 30 हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवास-विमा लागतो, आणि सत्तरीच्या पुढच्या माणसांचा हप्ता माझ्या हप्त्याच्या कितीतरी पट निघाला. बाबांची निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, बँकेची विवरणे, आयकराची विवरणपत्रे, दिवसवार कार्यक्रम आणि मी खर्च करणार असल्याचे पत्र, असा जाडजूड गठ्ठा घेऊन पहाटे नाशिकहून निघालो. बोटांचे ठसे घेताना बाबांचे अंगठे उमटेनात. तिथल्या मुलीने न कंटाळता ओल्या फडक्याने पुसून पुन:पुन्हा घेतले. व्हिसाचा निर्णय साधारणपणे 15 दिवसांत होतो, पण तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो, हे माहीत असल्यामुळे ते आठवडे काही सुखाचे गेले नाहीत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पारपत्रे घरी आली, तिघांचेही व्हिसे लागलेले.

त्यानंतर लगेच नव्या हॉटेलाचे आरक्षण रद्द केले. त्याची मुदत 24 मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत होती. मुदत तिथल्या वेळेने मोजतात. मार्चअखेरीस तिथली घड्याळे एक तास पुढे जातात, त्याआधी आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचे अंतर असते, नंतर साडेतीन. शेवटच्या रात्रीवर ठेवले तर या तासाभरात घोटाळा होऊ शकतो. दोन खोल्या अडवून ठेवायच्या आणि एक शेवटच्या क्षणी सोडायची, हे मला बरेही वाटत नव्हते.

7 एप्रिलला सकाळी स्किपोल विमानतळावर उतरलो. चाकाच्या खुर्चीची सोय विमान कंपनीकडे आधी नोंदवली होती, ती दोघांनाही मिळाली. तिथून बहुतेक जण रेल्वेने ॲम्स्टरडॅम सेंट्राल गाठतात. तुमचे हॉटेल दक्षिण टोकाला असेल तर तसे करू नका. स्किपोलहून झाउद स्थानकाची गाडी घ्या, काही मिनिटांत पोहोचते, आणि तिथून 52 क्रमांकाची मेट्रो धरा. ही मेट्रो 2018 मध्ये सुरू झाली, स्थानकांवर लिफ्ट आहेत आणि झाउदपासून तिसरे स्थानक फेइझलग्राख्त. सेंट्रालची गर्दी पूर्ण टळते. भाडे कार्ड टेकवून देता येते, पण प्रत्येक प्रवाशाला वेगळे कार्ड हवे; एकाच कार्डावर तिघांना जाता येत नाही. मी आई-बाबांसाठी दोन वेगळी फॉरेक्स कार्डे घेतली होती. ॲम्स्टेलवेनच्या भावाकडे जायलाही हीच मेट्रो आणि पुढे झाउदहून 25 क्रमांकाची ट्राम उपयोगी पडली. नव्या हॉटेलाकडे 13 क्रमांकाच्या ट्रामने जावे लागले असते, आणि त्या वाटेवर पुलांची कामे टप्प्याटप्प्याने चालू असल्याने मार्ग बदलत होते. आणखी एक गोष्ट, तांबड्या रंगाची वाट सायकलींची असते, तिच्यावर बॅग घेऊन उभे राहू नये. घंटी वाजते आणि पाठोपाठ सायकल येतेच, थांबत नाही.

सात पायऱ्या आई चढली. डावा हात कठड्यावर, उजवा माझ्या खांद्यावर, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. पत्रात लिहिले होते तसेच सगळे होते, आणि त्या क्षणी मला हॉटेलाच्या त्या रूक्ष व्यवस्थापकाविषयी जो आदर वाटला तो कोणत्याही स्वागताच्या फुलांनी वाटला नसता. खोली तीन वाजता मिळायची होती. रात्रभराच्या प्रवासानंतर वयस्कर माणसांना सहा-सात तास बसवून ठेवणे कठीण, म्हणून मी आधीच लिहून ठेवले होते. साडेअकराला खोली दिली, त्याचे जादा पैसे घेतले नाहीत. काही हॉटेले घेतात, विचारून ठेवावे.

खोलीची जमीन तिरकी होती. ही सगळी घरे दलदलीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत, कुठे खांब थोडे खचले की घर कलते, आणि मग जमीनही. आईच्या होमिओपॅथीच्या बाटलीतून साबुदाण्याएवढी एक गोळी खाली पडली ती पलंगाखालून निघून थेट खिडकीच्या भिंतीला जाऊन टेकली. बाबांनी लगेच आणखी एक गोळी मागितली, उतार किती ते पाहायला. आईने दिली नाही. पलंग म्हणजे दोन स्वतंत्र गाद्या जोडून केलेला, आणि पांघरुणेही दोन, हे तिकडे सर्वत्र आढळते. आंघोळीची जागा खरोखर सपाट, आत धरायला दांडा. शौचालयात पाण्याची सोय नसते, म्हणून घरून नेलेला प्लॅस्टिकचा लहान मग पहिल्या दिवसापासून कामी आला. कुणी हसले तरी तो बॅगेत असू द्यावा. किटली मागितल्यावर मिळाली आणि बाबांचा पहाटे पाचचा चहा सुरू झाला. मोबाइलच्या आपल्या बारीक दोन पिनांच्या चार्जरला तिथे वेगळे काही लागत नाही, तीन जाड पिनांचे काही नेत असाल तरच अडॅप्टर घ्यावा.

माझी पोटमाळ्यावरची खोली एकट्या धडधाकट माणसाला ठीक होती. शेवटचा जिना शिडीसारखा, पायरीवर पाऊल पुरते मावत नाही, उतरताना मी पाठमोरी उतरत असे. खिडकीतून वर पाहिले की अगदी डोक्यावर तो सामान चढवायचा लोखंडी आकडा दिसायचा. पन्नाशीच्या पुढच्या कुणाला ती खोली मी सुचवणार नाही.

समोरच्या काठभिंतीचे काम सकाळी सातला सुरू व्हायचे. बागेकडच्या खोलीत त्याचा आवाज येत नव्हता, पण बाबाच न्याहारीआधी पुलावर जाऊन उभे राहत. पाण्यात पोलादी पत्रे ठोकून जुनी भिंत तात्पुरती तोलून धरलेली, तराफ्यावर क्रेन, एकेक पत्रा इंचाइंचाने खाली जाणारा. पाण्याची पातळी इतकी स्थिर कशी, हे त्यांना पहिल्या सकाळी कळेना. शहरातल्या कालव्यांचे पाणी दारे आणि पंप यांच्या जोरावर समुद्रपातळीच्या मापनरेषेखाली 40 सेंटिमीटरवर राखलेले असते, हे नगरगृहात त्या मापनरेषेची माहिती मांडली आहे तिथे गेल्यावर उमगले. ‘‘आम्हाला शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचवताना नाकी नऊ यायचे, आणि हे हलूच देत नाहीत,’’ असे ते म्हणाले. कालव्याकडची महाग खोली घेतली असती तर हेच सगळे गादीवरून दिसले असते, हे त्यांनी मला दोनदा ऐकवले. आईला मात्र बागेतला पक्ष्यांचा आवाज पुरेसा होता. जवळच कायझर्सग्राख्तवरच फान लोन कुटुंबाचे 1672 सालचे घर संग्रहालय म्हणून खुले आहे, त्याच्या मागची बाग तिला फार आवडली. हॉटेलांच्या मागच्या बागांचे मोल कळायला ती पाहावी.

गुरुवारी वेस्टरकेर्ककडे गेलो तेव्हा कुतूहल म्हणून नव्या हॉटेलात कॉफीला बसलो. दाराशी पाच पायऱ्या, दोन्ही बाजूंना गुळगुळीत दगड, धरायला काही नाही. आत शिरल्यावर मात्र सगळे प्रशस्त, लिफ्ट मोठी, माणसे अगत्यशील. मनोऱ्याच्या घंटा दर पंधरा मिनिटांनी ऐकू येत होत्या. बाबांना त्या आवडल्या, आईने रात्रीचे काय, असे विचारले. तिशी-चाळिशीतल्या जोडप्याला किंवा दोन मुले असलेल्या कुटुंबाला मी तेच हॉटेल सुचवेन, आणि खोली मागच्या बाजूची घ्या म्हणून सांगेन. भावालाही तसे कळवले, त्याने तक्ता अजून जपून ठेवला आहे.

शनिवारी सकाळी हिशेब केला. बिलावर खोली, मूल्यवर्धित कर, पर्यटक-कर आणि न्याहारी वेगवेगळी मांडलेली होती. ओळीओळीने ताडून पाहिले, सगळे बरोबर होते. कार्ड टेकवताना यंत्र रुपयांत की युरोंत असे विचारते, तिथे युरो निवडावे, कारण रुपयांचा भाव यंत्राचा असतो आणि तो महागच असतो. माझ्या क्रेडिट कार्डाला परकीय चलनाचे साडेतीन टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सव्वाचार टक्क्यांच्या जवळपास पडले. फॉरेक्स कार्डात पुरेसे युरो असते तर ते वाचले असते, पण अनामत म्हणून हॉटेल जी रक्कम अडवते ती क्रेडिट कार्डावर असलेली बरी. ती मोकळी व्हायला परतल्यावर आठवडाभर लागला. आता जाणाऱ्यांनी एक फरक धरून चालावे: 1 जानेवारी 2026 पासून नेदरलँड्समध्ये हॉटेलच्या निवासावरचा मूल्यवर्धित कर 9 वरून 21 टक्के झाला आहे. आमच्या त्या बागेकडच्या खोलीचा कर वगळून मूळ दर तोच राहिला असे मानले, तरी पर्यटक-करासह ती 265 ऐवजी सुमारे 291 युरोंना पडेल. न्याहारीचा कर मात्र 9 टक्केच आहे, म्हणून खोली आणि न्याहारी यांचे दर वेगवेगळे लिहून मागा.